दगडाची जाणीव प्रयोगाने सिद्ध झालेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘दगडालाही जाणीव असते हे विज्ञानाने आता मान्य केले’ असे विधान आहे. तसे कुठल्याही प्रयोगात दिसलेले नाही. लेखकाने जगदीशचंद्र बोस यांचा दाखला दिला आहे. धातू, वनस्पती आणि स्नायू उत्तेजनाला सारखाच विद्युत प्रतिसाद देतात, हे त्यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवले होते. पण प्रतिसाद मोजता आला म्हणजे आत काही जाणवते हे कळले, असे होत नाही.

मी मिरजेत ३२ वर्षे विज्ञान शिकवले. विद्युतप्रभाराच्या तासाला एका मुलीने विचारले होते, “सर, प्रभार काय करतो ते कळलं, पण तो असतो काय?” मी फळ्यावर दोन प्रभारांमधले बल सांगणारा कूलोंबचा नियम पुन्हा लिहिला. तो नियमही प्रभार काय करतो एवढेच सांगत होता. आजच्या सर्वचेतनवादाचा, म्हणजे सगळ्या द्रव्यात काही ना काही जाणीव असते या मताचा, खरा उगम या प्रश्नात आहे. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ मध्ये आणि खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी १९२८ मध्ये हेच मांडले: भौतिकशास्त्र उपकरणांच्या काट्यांवरची मापे देते, ज्याची ती मापे त्याचे अंतरंग सांगत नाही. आतून ओळखीचे द्रव्य आपल्याला एकच, आपला मेंदू, आणि तिथे जाणीव आहे. मग बाकीचे द्रव्य आतून अगदी निराळेच असेल, असे का धरावे?

या युक्तिवादाने मला आजही झोप लागत नाही. पण त्यातली अडचण मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच दाखवली होती. बारा माणसांना वाक्यातला एकेक शब्द सांगा. पूर्ण वाक्य कुणाच्याच मनात उमटत नाही. मी वर्गात बारा मुलांना ओवीतला एकेक शब्द कानात सांगून पाहिला. ओवी कुणालाच कळली नाही. मग कणाकणांच्या जाणिवांची मिळून माझी एक जाणीव कशी होते?

लेखात याला ‘अमृतानुभवा’चीच शिकवण म्हटले आहे. ज्ञानेश्वरांचा चिद्विलास उलट्या बाजूने निघतो. तिथे अखंड चैतन्य आधी आणि जग हा त्याचा विलास. तुकडे जोडायचा प्रश्नच येत नाही, एकाचे अनेक कसे दिसते हा येतो. दोन्ही एकच म्हटले तर दोन्ही कळायचे राहतात.

आमच्या शाळेत आपल्या पुरवणीची कात्रणे फलकावर लावतात. तेव्हा त्या विधानाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज