गाठीचे साचे कोण कोरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी तोंडावर आली की आपल्या पेपरात साखरेच्या गाठ्यांच्या माळांनी लगडलेल्या दुकानाचा फोटो हमखास येतो, खाली ‘बाजारपेठ सजली’ एवढीच ओळ. फोटोबद्दल तक्रार नाही. पण गाठी पडते कशी, हेही कधी छापा. आमच्या घरी वडिलांच्या आधीपासून हेच काम, म्हणून लिहितो.

साखर उकळली की कढईत थोडं दूध सोडायचं. ते फाटून मळी वर आणतं, ती झाऱ्याने काढायची. पाक गोळीबंद झाला की उतरवून कढईच्या कडेला घोटायचा आणि गढूळ दिसू लागताच ओतायचा. जरा उशीर झाला की कढईतच बसलाच म्हणून समजा. जिलेबीच्या पाकात लिंबू पिळतात ते साखर दाणा धरून घट्ट बसू नये म्हणून. इथे ती बसायलाच हवी, त्यामुळे लिंबाचं नाव काढायचं नाही. साचा सागवानी, आधी पाण्यात भिजवलेला, आत दोरा. कोरडा साचा गाठी सोडत नाही, पदकाची अर्धी नक्षी लाकडालाच चिकटून राहते. गिऱ्हाईक पांढरीशुभ्र गाठी मागतं, मग गुळात टाकतात तसा हायड्रोस, म्हणजे रंग उडवणारं रसायन, टाकायचा मोह होतो. नुसत्या दुधाने साफ केलेली जराशी पिवळसर दिसते. दिसू द्या.

खरी अडचण साच्यांची आहे. पाणी आणि उकळता पाक झेलून लाकूड तडकतं, नक्षी झिजते. आमचे साचे कोरणारे सुतारबाबा गेले. त्यांचा मुलगा प्लायवूडची कपाटं करतो, त्यात त्याचं पोट तरी भरतं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० मध्ये सुरू झाली, ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. साच्यांसाठी चौकशी केली तर यंत्राचं कोटेशन आणायला सांगितलं. आमचा हंगाम होळी ते पाडवा. उरलेलं वर्ष त्या यंत्रावर कुरडया वाळत घालायच्या का?

आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात उलटी नक्षी कोरायला शिकवली तरी आमचं भागेल. आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुने साचे पडले असतील तर कृपा करून चुलीत घालू नका. तडकलेले असले तरी नमुना म्हणून आम्ही विकत घेऊ.

– एक गाठी कारागीर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ