विलीनीकरणाचा दाखला देताना कॅमोगीचा इतिहासही पाहावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महिलांच्या क्रीडासंघटना पुरुषांच्या सधन संघटनांत विलीन केल्या की त्यांचे बहुतेक प्रश्न मार्गी लागतात, असा सूर आपल्या क्रीडा पानावरील अलीकडच्या लेखात उमटला आहे. त्यासाठी आयर्लंडचा दाखला देण्यात आला आहे. तेथे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन (हर्लिंग, गेलिक फुटबॉल या पुरुषांच्या आयरिश खेळांची संघटना), महिला गेलिक फुटबॉलची संघटना आणि कॅमोगीची संघटना या तिन्ही २०२७ पर्यंत एकत्र आणण्याचे उद्दिष्ट असून, त्या प्रक्रियेचे नेतृत्व माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलिस यांच्याकडे सोपवण्यात आले होते, हे खरेच आहे. मात्र कॅमोगीचा पूर्वेतिहास लेखातून गळल्यामुळे एक निराधार संघटना आता कुठे आसऱ्याला येत आहे, असा वाचकांचा समज होण्याची शक्यता आहे.

कॅमोगी हा हर्लिंग या आयरिश खेळाचा महिलांचा प्रकार. ॲश वृक्षाच्या लाकडाच्या, टोकाशी पसरट होत गेलेल्या काठीने चामड्याचा लहान चेंडू मारत, प्रसंगी तो हवेतच टोलवत खेळ पुढे जातो. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, वरून गेला तर एक गुण आणि एक गोल म्हणजे तीन गुण. या खेळाची संघटना १९०४ मध्ये स्थापन झाली. पहिल्या अध्यक्षा माइरे नी खिनेड्ये या आयरिश भाषेच्या चळवळीतून आलेल्या होत्या. पुरुषांच्या हर्लिंगची अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ पासून भरत होती. महिलांची स्पर्धा सुरू व्हायला १९३२ साल उजाडले.

त्या पहिल्या हंगामाकडे थोडे बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरेल. १९३२ च्या स्पर्धेचा अंतिम सामना प्रत्यक्षात १९३३ च्या जुलैमध्ये गॉलवे येथे झाला, यावरूनच स्पर्धेची घडी किती कच्ची होती याची कल्पना येते. संघात तेव्हा बाराच खेळाडू असत (पंधरा खेळाडूंचा नियम १९९९ मध्ये आला) आणि गोलखांबांवर आणखी एक आडवी दांडी असे. चेंडू तिच्याही वरून गेला तर गुण मिळत नसे! डब्लिनने गॉलवेला त्यांच्याच मैदानावर ३-२ विरुद्ध ०-२ (आधी गोल, मग गुण), म्हणजे अकरा विरुद्ध दोन गुणांनी हरवले. पुढच्या वर्षीही हेच दोन संघ अंतिम फेरीत होते आणि पुन्हा डब्लिनच जिंकले. गॉलवेला पहिले विजेतेपद मिळाले ते थेट १९९६ मध्ये.

या दोन्ही वर्षी डब्लिनच्या कर्णधार माइरे ऊर्फ मॉली गिल होत्या, आणि त्याच काळात त्या संघटनेच्या अध्यक्षाही होत्या. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या भगिनींच्या क्युआला छापखान्यात नोकरी करणाऱ्या या बाईंनी आयर्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात, १९२३ मध्ये, डब्लिनच्या किल्मेनहॅम कारागृहात तुरुंगवासही भोगला होता. पुरुषांचे साहाय्य मुळीच नव्हते असे नाही. विजेत्यांचा करंडक शॉन ओडफी या कार्यकर्त्याने दिला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु संघाची कर्णधार आणि संघटनेची अध्यक्ष एकच स्त्री असावी, ही गोष्ट १९३२ मध्ये जगात किती ठिकाणी शक्य होती, याचा विचार आपल्या लेखकांनी अवश्य करावा.

स्वतंत्र संघटना म्हणजे सारे आलबेल, असेही माझे म्हणणे नाही. झग्याचा आणि पुढे स्कर्टचा आग्रह याच संघटनेने धरून ठेवला. मे २०२५ मध्ये डब्लिन व किल्केनीच्या खेळाडू शॉर्ट्स घालून मैदानात उतरल्या, तेव्हा कपडे बदला, नाहीतर सामना रद्द होईल, असे त्यांना बजावण्यात आले. मात्र त्याच महिन्यात विशेष अधिवेशन भरवून प्रचंड बहुमताने शॉर्ट्सची मुभा देण्यात आली. खेळाडूंचा राग जिथे पोहोचायला हवा, तिथे तो लगोलग पोहोचला, कारण निर्णय घेणारे सभागृह त्यांच्याच खेळाचे होते.

आपल्याकडचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली; मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. ती भरवणारी महिला क्रिकेट संघटना २००६ मध्ये बीसीसीआयमध्ये विलीन झाली. पुढे पैसा आला, समान सामना मानधन आले, २०२५ चा विश्वचषकही आला, हे कोण नाकारेल? पण विलीनीकरणापूर्वी, २००६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कसोटी खेळलेल्या भारतीय महिला संघाला पुढची कसोटी मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. लेखात या आठ वर्षांचा उल्लेखही नाही.

तेव्हा आयर्लंडमधील घडामोडींचे पुढील वृत्तांत देताना एकत्रित निधीच्या आकड्यांबरोबरच, नव्या संघटनेच्या कार्यकारिणीत कॅमोगीच्या प्रतिनिधींना किती मते असतील आणि मैदानांचे वाटप कोण ठरवणार, हेही वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे