पापलेटचा शुक्रवार

प्रिय जोसेफ,
सप्रेम नमस्कार.

‘ईस्टरआधीच्या उपासकाळात शुक्रवारी मटण नाही, पण पापलेट चालतं, हा कसला उपास? त्यापेक्षा मन साफ असलं की झालं,’ असं तू लिहिलंयस. पहिलं पटलं, दुसरं नाही. मन साफ आहे असं कुणीही म्हणावं, त्याची पावती कोण मागतो?

आपल्या कॅथलिकांचा नियम तसा फारच छोटा आहे. राखेचा बुधवार (त्या दिवशी कपाळाला राख लावतात) ते ईस्टरच्या आदल्या दिवशीचा पवित्र शनिवार, हे 46 दिवस, त्यातले 6 रविवार वगळले की 40. पण खरा उपास दोनच दिवस, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, तोही वयाची 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत. एकदा पोटभर जेवायचं; बाकी दोन वेळा इतकंच, की दोन्ही मिळून एक जेवण होऊ नये. उपासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते 14 पूर्ण झालेल्या सगळ्यांना. मासे, अंडी, दूध चालतं.

मांस म्हणजे मेजवानीचं खाणं, म्हणून ते सोडायचं. वसईत गाडी नेमकी इथेच घसरते. मटण बंद, पण ताटात पापलेट आणि कोळंबी. शुक्रवारचा खर्च रविवारपेक्षा जास्त! नियम पाळला, सोडलं काहीच नाही. दुसरी गफलत म्हणजे दिवसभर कळ काढून रात्री दोन जेवणं एकदम. आणि तिसरी, जी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने 58व्या अध्यायात पकडली आहे: उपास मालकाचा आणि पिळवणूक मजुरांची. वाडीत माणसं लावणाऱ्यांनी तो अध्याय जरूर वाचावा.

गंमत बघ. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख ज्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कपाळाला लागते, त्याच मिस्सात मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात: उपास करशील तेव्हा तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. आणि बाहेर आल्या आल्या कपाळाचा फोटो स्टेटसवर!

म्हणून परंपरा टाकायची का? मला वाटतं, ती अर्ध्यावर सोडल्यामुळे पोकळ झाली आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपासाची रीत आहे: त्या दिवशी भाकर-पाणी घ्यायचं, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढायची आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायची. हा हिशेबच आपण गाळला.

तू तो करून बघ. गुड फ्रायडे धरून 7 शुक्रवार येतात. घरात मटणाला जेवढे जातात, तेवढे पैसे त्याच संध्याकाळी पाकिटात टाक. महिनाअखेरीस टाकू म्हटलं की राहतातच. जेवायला डाळ-भात आणि भाजी. माशांवरही खर्च केलास तर पाकिटात काय उरणार? ईस्टरच्या आत पैसे हातोहात दे, नाव न सांगता. फक्त हे आईच्या औषधांच्या पैशांतून नको. आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलंय.

आईवरून आठवलं. तिला मधुमेह आहे, तिला उपास करू देऊ नकोस. आजाऱ्याला त्यातून सूट आहेच. तुझं ऐकणार नाही, तेव्हा राखेच्या बुधवारच्या आधीच धर्मगुरूंकडून तिला सांगव.

तुझा,
आल्बर्ट