दोन सीटची गाडी

ती. आई-बाबांना,

सा. नमस्कार.

गाडी घेतली. दादाकडून कळलं असतं तर आईने आठवडाभर फोनवर फक्त "हं" केलं असतं, म्हणून मीच लिहून कळवतेय. आणि हो, तीच घेतली. बसकी, दोन सीटची, टप उघडणारी माझदा एमएक्स-5. नवी नाही, सेकंडहँड, पण आधीच्या मालकाने जिवापाड जपलेली. कर्ज काढलेलं नाही, घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही. एअरबॅग आहेत, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, वजन जेमतेम टनभर, आणि इंजिन बाबांना हसू येईल इतकं लहान.

लगे हाथ दुसरंही सांगून टाकते. हवाई दलातला करार वाढवला, सही झाली. तेव्हा प्रवासी विमानांच्या नोकरीचा विषय आता नको, प्लीज. तिथे पगार चांगला, वेळा ठरलेल्या, सगळं मान्य. पण माझी मान आणि माझे डोळे लढाऊ विमानाला चालताहेत तोवर मला तेच उडवायचंय. नंतर आहेच की ते.

आई, "वर जिवाशी खेळतेस ते पुरत नाही का?" हे तू म्हणणारच. तर ऐक. वर वेग कळतच नाही. ताशी नऊशेने जात असले तरी उंचावर शेजारून सरकणारं काही नसतं. आकडा वाचायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. कळतो तो वळणातला भार. नऊ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट भार, लागले की साठ किलोची मी पाचशे चाळीस किलोची होते. रक्त पायांकडे ओढलं जातं, आधी रंग फिके पडतात, मग नळीतून बघितल्यासारखी नजर आवळत जाते. ते होऊ नये म्हणून जी-सूट, म्हणजे हवेने फुगणारा पोशाख, मांड्या आणि पोट दाबून धरतो, आपणही पाय-पोट घट्ट करून ठरलेल्या लयीत श्वास घ्यायचा, आणि हे सगळं चालू असताना समोरचं विमान नजरेतून सुटू द्यायचं नाही. खाली उतरलं की डीब्रीफिंग. तिथे एकेका वळणाची चिरफाड होते, कधीकधी उड्डाणापेक्षा जास्त वेळ. मला ते आवडतं, पण तो विरंगुळा नव्हे.

गाडीत बूड रस्त्यापासून वीतभर वर असतं. साठच्या वेगालाही डांबर अंगावर येतं, वारा कानात घुमतो, गिअर आपल्या हाताने टाकायचा. वेग अंगाला लागायला जोरात जावंच लागत नाही, हीच तर गंमत! जोरात जायचं असेल तर रेस ट्रॅक आहे: समोरून कुणी येत नाही, डोक्यावर हेल्मेट, कडेला अँब्युलन्स उभी. रस्त्यावर मी दादापेक्षा हळू चालवते, वहिनीला विचारा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला चौपट अंतर लागतं, हे रोज धावपट्टीवर उतरणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. एबीएस मुळात विमानांतून आलं. उतरताना चाकं जाम होऊन टायर फुटू नयेत म्हणून डनलॉपने 1950च्या दशकात मॅक्सारेट नावाची यंत्रणा आणली, आणि 1966च्या जेन्सन एफएफ गाडीत तीच बसवली. तेव्हा तुमची लेक घराण्याचं नाव बुडवत नाहीये, एकाच धंद्याच्या दोन टोकांना आहे एवढंच. (वेड कुणाकडून आलं यावर आई काही बोलणार नाही, तिने शब्द दिलाय.)

माझं बाकी सगळं नीट आहे. खोलीत ऊन येतं, गादी बदलून मिळाली, उशी आईने दिलेलीच. मानेचे व्यायाम करते, फिजिओकडे जाते. दुखतं ते थकल्यावरच. उड्डाणाच्या आधी किती विश्रांती हवी याचे नियम आहेत, त्यामुळे तुमच्या घरी होते त्याहून माझी झोप जास्त होते. इजेक्शन सीटचं (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकते ती) पुन्हा विचारलंस म्हणून सांगते: विमान जमिनीवर उभं असलं तरी ती काम करते, आणि पट्टे मी दर वेळी स्वतः ओढून बघते. तू शाळेच्या दप्तराचे बघायचीस ना, तसे.

आता मूळ मुद्द्यावर येते. बाबा, रागावू नका. साधी सर्दी झाली तरी आम्ही उडत नाही. कान-नाक चोंदलेलं असलं तर दाब बदलताना कान फुटायची वेळ येते, म्हणून ज्याचं त्यानेच सांगायचं, "आज मी नाही." कोणी हसत नाही, कोणाचा हुद्दा कमी होत नाही. मागच्या खेपेला रात्री तुमच्या शेजारी बसले होते. समोरून दिवे आले की तुम्ही पुढे झुकत होतात, स्टिअरिंगवरचे अंगठे पांढरे पडत होते, आणि आई खिडकीबाहेर बघत होती. लग्नाहून परततानाचं मी काढत नाहीये. तुमच्यासारखी गाडी मला अजून चालवता येत नाही, मला शिकवायला बसवलंत तेव्हाच्या त्या क्लचची गाडी तर नाहीच. पण मोतीबिंदूत समोरचे दिवे असेच फुटून पसरतात आणि तो हातांचा दोष नव्हे.

म्हणून, डोळ्यांचं ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. आई, चावी तुझ्या कपाटात. बीपीची गोळी सकाळीच, "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आणि तू गुडघ्याचा पट्टा बांध, तो खुंटीला टांगायला आणलेला नाही.

सुट्टीत गाडी घेऊन येते. दोघांना एकदम नाही बसता येणार, आधी आई. सीट फार खाली आहे, उतरताना मी हात देईन. बाबांना नंतर स्वतः चालवायला देईन, भर दुपारी, लांब आणि रिकाम्या रस्त्यावर.

तुमची,
ठकी

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मला मेसेजवर कळवा. "बघू" म्हणजे तारीख नव्हे.