गप्प राहायला मीच शिकवलं

वडगाव, बेळगाव
रविवार

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

परवा सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या मुलाखतीचं 'नाही झालं बाबा' एवढंच म्हणून फोन ठेवलास. आई काही न बोलता देवापुढं जाऊन बसली. मी, मागच्या खेपेला ही निवड कशी होते ते तू वहीत लिहून समजावलं होतंस ती पानं काढली.

आधी ऑनलाइन परीक्षा, मग फोनवरची फेरी, मग लागोपाठ चार-पाच मुलाखती, एकेक पाऊण तासाची. तू शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचलीस. तुला येत नाही म्हणून अडलीस, हे मला पटत नाही. वहीतला तो प्रश्नच बघ: एक लाख वजनांच्या यादीतून मिळून 50 किलो होणारी जोडी शोधायची. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली तर सुमारे 500 कोटी जोड्या तपासाव्या लागतात, पण बघितलेलं वजन हॅश टेबलात, म्हणजे आधीची नोंद क्षणात शोधून देणाऱ्या तक्त्यात, टाकत गेलं तर यादीवरून एकदाच फिरायचं. हे माझ्यासारख्या लेथवरच्या माणसाला तू दहा मिनिटांत समजावलंस.

पण काल तू सांगितलंस, पहिली वीस मिनिटं गप्प लिहीत होतीस. 'काय विचार चाललाय?' असं त्यांनी विचारलं, तर मराठीत सुचलेलं इंग्रजीत जुळेना. ते ऐकून मला झोप लागली नाही. दहावीपर्यंत तू मराठी शाळेत, आणि घरात माझं एकच पालुपद: काम बोलू दे, तोंड नको.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नरच्या जागेसाठी मी ट्रेड टेस्ट दिली, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. हातात एक ड्रॉइंग आणि एक रॉड. माझ्या शेजारच्या पोराचा हात माझ्यापेक्षा साफ होता. पण ड्रॉइंगवर एका स्टेपची लांबी लिहिलेलीच नव्हती. त्यानं अंदाजानं धरली. मी मशीन चालू करायच्या आधी विचारलं, 'साहेब, हे माप राहिलंय की.' नोकरी लागल्यावर कळलं, ते त्यांनी मुद्दाम गाळलं होतं. विचारून मी भाकरी मिळवली आणि लेकीला मात्र गप्प बसायला शिकवलं. ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती माझी चूक.

तुमच्याकडचे प्रश्नही मुद्दाम अर्धवट असतात, तूच म्हणालीस. मग विचार ना! यादी रिकामी असली तर? तेच वजन दोनदा आलं तर? यादी चढत्या क्रमानं आहे का? आधी सोपी पद्धत बोलून दाखव, ती कुठं वेळ खाते ते सांग, मग सुधार. दोन मिनिटं हवी असली तर तशी मागून घे, त्यात कमीपणा नाही. समोरचा टिपणं काढत असतो. गूगलनं तर निवडीसाठी मुलाखत घेणाऱ्यांपेक्षा वेगळी समिती बसवण्याची पद्धत पाडली. तिच्यापुढं जातात ती ही टिपणं. तुझ्या मनातलं त्या कागदावर कसं उतरणार?

आणखी एक. ॲमेझॉन आपली 16 तत्त्वं धरून जुन्या कामाचे अनुभव विचारतं, असं तू सांगितलं होतंस. तिथं 'आम्ही केलं' म्हणू नकोस. बंद पडलेलं काम रात्री जागून तू चालू केलंस ना? मग 'मी केलं' म्हण. मी-मी करू नये हे आपल्या घरचं वळण, पण तिथं ते माझ्यासाठी बाजूला ठेव.

काही महिने थांबून पुन्हा अर्ज करता येतो ना? मग शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं ये. तुझा शाळेतला फळा माळ्यावरून काढून पुसलाय, खडे बाजारातून खडूची पेटी आणलीय. मी घड्याळ लावून समोर बसतो. पहिल्यांदा मराठीत सांग, मग तेच इंग्रजीत. मला इंग्रजी फार कळणार नाही, पण तू थांबलीस की लगेच कळेल.

तुझा,
बाबा