टँकर आला आणि मी पातेलं घेऊन धावले

चँडलर, ॲरिझोना
12 एप्रिल

प्रिय कुसुम,

तब्येतीचं आधी उरकते. माझं बीपी गोळीवर बरं आहे, अशोकची शुगर त्याच्या जिभेच्या हातात आहे, निखिल सिॲटलला मजेत असावा. फोन करत नाही म्हणजे मजेतच. झालं. आता जे सांगायला बसलेय ते. इथे ज्याला सांगावं तो हसतो, आणि निखिल 'आई, सो क्यूट' म्हणतो. म्हणून तुलाच.

गेल्या शनिवारी भल्या पहाटे मी ओसाड रानात टँकरच्या नळीखाली पातेलं धरून उभी होते. गाऊनवर. तीनशे डॉलर भाड्याच्या तंबूबाहेर.

थांब, हसू नकोस, नीट सांगते.

अशोकला जमीन घ्यायचीय. चाळीस एकर. तू म्हणशील, घेऊ दे की, आपल्याकडे चाळीस एकरवाल्यापुढे लोक टोपी काढतात. बाई, त्या चाळीस एकरांत एक गाय कशीबशी जगते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याच्या अलीकडे अर्ध्या तासावर व्हॅले म्हणून फाटा आहे. दोन हायवे मिळतात, पेट्रोल पंप आहे, बाकी वारा. आजूबाजूला जुन्या रँचचे तुकडे पाडून विकायला काढलेत, आणि जवळजवळ सगळे 36 किंवा 40 एकरांचे. का, तर इथल्या कायद्यात 36 एकरांहून लहान असे सहा किंवा जास्त प्लॉट पाडले की विकणाऱ्याच्या मागे सरकार लागतं: रस्ता कुठाय, पाणी कुठाय, वीज कुठून येणार, सगळं कागदावर मांड. 36 च्या वर गेलं की ती कटकट पुष्कळ कमी होते. म्हणून 36. अशोकला वाटत होतं, इथली माणसं मोकळ्या मनाची, म्हणून प्लॉट मोठे.

तिथे तो, सुहास आणि डेंटिस्ट पाटील मिळून आठ तंबू टाकणार. आपल्या एन.सी.सी.च्या कॅम्पातले नव्हेत, जिथे तू कोरडा कोपरा बळकावलास आणि मी रात्रभर ओल्या सतरंजीवर काढली. (विसरले नाही. 'आधी आले म्हणून' हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं.) इथल्या तंबूला लाकडी ओटा असतो, वर जाड कॅनव्हास, आत पलंग, गालिचा, लाकडाची शेगडी, आरसा, वाईनचे ग्लास. आपल्या रिकाम्या रानात असे तंबू टाकायचे आणि हिपकॅम्पसारख्या, मुक्कामाची जागा बुक करायच्या साइटवर चढवायचे, हा इथे चालता धंदा आहे. रँचवाल्यांपासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे करतात. अशोकचं म्हणणं, ग्रँड कॅन्यनला वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास माणसं येतात, आतली हॉटेलं महिनोन् महिने आधी भरलेली असतात, आणि त्यात 2025 च्या जुलैत वणव्यात उत्तर कड्यावरचं लॉज जळून गेलं. 'डिमांड आहे शैला, डिमांड.' हे तो भेंडी चिरतानाही म्हणतो.

मी विचारलं, पाणी? म्हणाला, 'मागवायचं.'

कसं मागवायचं म्हणाला माहितीय? पिझ्झा मागवायचा, तसं. त्याच्यावर तरी काय रागवायचं? सदाशिव पेठेतलं घर. त्यांच्याकडे पाण्याची गोष्ट म्हणजे पानशेत: 1961 साली पाणी कुठवर चढलं, कोणाची कपाटं वाहून गेली, सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या. त्या घरात पाणी घुसतं. येत नाही, हे तिथे कोणाला ठाऊकच नाही.

तर आधी एक रात्र राहून बघू म्हटलं आणि अशाच एका बाईंच्या रानात तंबू घेतला. बाई सत्तरीच्या, नवरा गेलेला, चालणं थेट तुझ्या सासूबाईंचं. चहा देताना सगळं मोकळेपणानं सांगितलं. बोअर का नाही घेतली विचारलं तर हसल्या. त्या भागात पाणी लागतं तीन हजार फुटांच्या आसपास. तीन हजार, कुसे. आपल्याकडे सहाशे फुटांवर धूळच उडाली तर माणूस मशीनवाल्याच्या पाया पडून घरी जातो. बाई म्हणाल्या, बोअरच्या पैशात दुसरं घर होईल. त्या भागातली पुष्कळ घरं पाणी आणूनच जगतात; गावात मीटरचा नळ असतो, तिथे टाकी भरायची आणि घरी आणून ओतायची. ज्याच्याकडे पिकअप नाही त्याला टँकर.

संध्याकाळ मात्र, खरं सांगते, मला फार आवडली. तिथली उंची जवळजवळ सहा हजार फूट, लांबवर सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर (नाव त्या शहराचं, पण डोंगर इथलेच, ॲरिझोनातले) बर्फ, आणि अंधार पडला तो असा पडला की मला आपल्या शाळेच्या गच्चीची आठवण झाली. रात्री कायोटी ओरडायला लागले. अशोक उठून बसला, बॅटरी शोधू लागला. मी म्हटलं, कोल्हे आहेत, झोप. मी स्वतः इतकी गाढ झोपले की गेल्या कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती.

आणि पहाटे तो आवाज आला. मागे येणाऱ्या ट्रकचा टीं-टीं, मग खडीवर चाकं, मग लोखंडी झडपेचा खण्ण. मी जागी व्हायच्या आधी उभी होते. शेगडीवर स्टीलचं पातेलं होतं ते उचललं आणि बाहेर. ड्रायव्हरनं नळी टाकीला जोडली होती आणि जोडाच्या कड्याखालून पाणी गळत होतं. फार नाही, करंगळीएवढी धार. खाली लाल मातीत खड्डा पडून त्यात बुडबुडे येत होते. मी पातेलं धरलं. भरलं. आता पुढचं भांडं कुठंय म्हणून मागे हात केला, गं! मागे हात केला! तिथे तू असायचीस ना, दुसरी कळशी पुढे सरकवायला.

तू नव्हतीस. अशोक होता, फोन घेऊन.

ड्रायव्हर बिचारा घाबरून म्हणाला, 'मॅडम, आत नळ आहे.' मी म्हटलं, माहितीय. ते पातेलं घेऊन कुठे जायचं कळेना, तर जवळच्या जुनिपरच्या झाडाच्या बुडात ओतलं. अशोकनं तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस वर्षं संसार केला त्याच्याशी, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

बरं, धाकट्याचं जमलं का गं? ती कोरेगावची मुलगी मला फोटोत तरी गोड वाटली. पत्रिकेचं फार मनावर घेऊ नका. आणि तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलू नकोस, तू ढकलशील.

तर घरी आल्यावर मी बिलाच्या पाकिटामागे हिशोब मांडला. दोरी ओढली तरच पाणी पडेल असे शॉवर बसवले, तरी माणशी तीस गॅलन धरावे लागतात. आठ तंबू, सोळा माणसं, म्हणजे दिवसाला 480 गॅलन, अठराशे लिटर. दोन हजार गॅलनची टाकी चार दिवसांत तळाला. पाचव्या दिवशी बर्फ पडला, रस्ता चिखलाचा झाला, ट्रकवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं, तर? 'दुसरा ट्रकवाला,' अशोक म्हणाला. कुसे, दुसरा टँकर! आपल्या वेळी सरपंचही असंच म्हणायचे.

मग मी त्याला रिओ व्हर्दे फूटहिल्सची आठवण करून दिली. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीला लागून पण हद्दीबाहेर. मोठमोठी घरं, घोड्यांचे तबेले. त्यातली पाचशेच्या आसपास घरं टँकरवर होती आणि टँकर स्कॉट्सडेलच्या नळावर भरायचे. कोलोरॅडो नदी आटत चालली, शहरानं सांगितलं आमच्या लोकांपुरतंच ठेवावं लागेल, आणि 1 जानेवारी 2023 पासून नळ बंद. लोक कागदी ताटल्यांत जेवायला लागले, पावसाचं पाणी साठवून संडासात ओतायला लागले. जूनमध्ये राज्यानं कायदा केला तेव्हा कुठे मार्ग निघाला. अशोक म्हणाला, 'बघ, निघाला ना मार्ग!' याला काय बोलायचं तू सांग.

अगं, खुद्द ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याला पाणी येतं ते उत्तर कड्याखालच्या झऱ्यातून, दरी ओलांडून आणलेल्या एकाच पाइपातून. साठीच्या दशकात घातलेला पाइप, 2010 पासून पंचाऐंशीहून जास्त वेळा फुटलाय. 2024 च्या ऑगस्टअखेर असा फुटला की आतल्या हॉटेलांतल्या लोकांना सामान आवरायला सांगितलं. तंबूवाल्यांना राहू दिलं, पण नळ कोरडे. सरकारची ही गत, तर सुहास आणि पाटील काय दिवे लावणार? पाटलांचा तर स्वतःच्या घरचा पाण्याचा फिल्टर बदलायला माणूस येतो.

आता खरं दुखणं. ते अशोकच्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात घालू कळत नाही.

त्या फाट्यावर एक गंमत होती. फ्लिंटस्टोन कार्टूनचं गाव, सिमेंटची अश्मयुगीन घरं, सिमेंटचे डायनासोर. 2019 ला ते बंद झालं, आता तिथे शिकारी पक्षी दाखवतात, पण काही घरं अजून उभी आहेत. कधी बांधलं होतं म्हणून बघितलं, तर 1972. पोटात कसंतरीच झालं. त्या वर्षी आपल्या आया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, आपण दोघी बाभळीखाली सुकडी खात बसायचो आणि घरी ह्यांच्याच देशातून आलेल्या मिलोच्या, त्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या. आणि इकडे माणसं तिकीट काढून दगडाच्या घरात शिरत होती. ह्यात कोणाचा दोष नाही, मला कळतं. पण मी त्या रानात उभी राहून पाहुण्यांना म्हणणार, 'वेलकम, पाणी जपून वापरा, हाच तर इथला अनुभव आहे'? आणि त्याचे तीनशे घेणार? माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्या निघेल? तू मास्तरीण, तुझ्या तोंडून काहीही निघतं.

येताना कॅमेरॉनवरून आलो, नवाहो म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या मुलखातून. रस्त्यावर एकामागून एक पिकअप, मागे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाक्या. तिथे तीसेक टक्के घरांत अजून नळ नाही. त्यांच्यापैकी काहीजण होगन म्हणतात त्या आपल्या मातीच्या गोल घरांत पाहुणे ठेवतात, मॉन्युमेंट व्हॅलीकडे. एका पिकअपमध्ये मागे दोन मुली टाकीला टेकून बसल्या होत्या, एकमेकींना ढकलत. अशोक गाडी चालवत होता, त्याला मी दाखवल्या नाहीत.

पण उलट बाजूही ऐक, नाहीतर म्हणशील शैला नेहमीसारखी एकतर्फी बोलते. अशोक तिथे खूश होता. नोकरीत त्याचा चेहरा कसा झालाय तू मागच्या वेळी बघितलासच. त्या बाईंचा कुंपणाचा खांब सरळ करून देताना दहा वर्षांनी लहान दिसत होता. आणि मलाही ते रान आवडलं. टेकाडं, वाळका पाला, वारा, सगळं ओळखीचं. जमीन घेऊ नये असं मला वाटत नाही. उद्या आपण दोघी तिथे ओट्यावर बसून शेंगा खातोय असंही मनात येऊन गेलं. तंबू नकोत. आणि निवृत्तीचे साठवलेले पैसे काढून तर मुळीच नकोत. पण तंबू नाहीत तर जमीन परवडत नाही, हे अशोकचं म्हणणंही खरंच आहे. सुहास आता म्हणतो, कोचीस काउंटीत बघू, तिथे बोअर उथळ. तिथल्या विलकॉक्स भागात इतका उपसा झालाय की लोकांच्या विहिरी आटल्या, जमिनीला भेगा पडल्या आणि 2025 च्या जानेवारीत राज्याला बंधनं घालावी लागली. सुहासला हे सांगितलं तर म्हणतो, वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह.

मी निगेटिव्ह आहे का गं? की माणदेशात जन्मल्यामुळे माझं डोकं टँकरच्या पुढे जातच नाही? हे तू सांगायचंस. तुमच्याकडे आता उरमोडीचं पाणी आलंय, ऊस लावलाय म्हणे. तुला टँकर ऐकून अजून जाग येते का, की गेलं ते?

शिवाय भाऊजींना दोन गोष्टी विचार. त्यांनी इतकी वर्षं बोअरच्या मोटारी बसवल्या: तीन हजार फुटांवरून पाणी उचलायला मोटर कितीची लागेल, आणि वर्षाला साधारण किती वेळा वर काढावी लागेल. आकडा त्यांच्या हस्ताक्षरात हवा, अशोक त्यांचं ऐकतो. महिनाअखेर विसार द्यायचाय, तेव्हा लवकर.

फोन करू नकोस. तो स्पीकरवर टाकतो आणि मग तूही गोड बोलायला लागतेस. कागदावर लिही, फोटो काढून माझ्या नंबरवर पाठव, ग्रुपवर नको.

तुझी,
शैला

ता.क. व्हिडिओ कोणी पाठवलाच तर गाऊनकडे बघू नकोस. तो तूच दिलेला आहे.