टेकडी गोल म्हणून लाव्हाचा घुमट नव्हे

महोदय,

धुळे परिसरातील गोलसर टेकड्यांना ‘लाव्हाचे घुमट’ म्हणून विद्यार्थ्यांना दाखवले जाते, ते चुकीचे आहे. घुमटासाठी घट्ट लाव्हा लागतो. सिलिका या खनिज घटकाचे प्रमाण अधिक असल्याने तो दूर वाहत नाही. ज्वालामुखीच्या मुखावरच साचतो, आतून येणाऱ्या नव्या लाव्हाने फुगतो आणि वरचे थंड कवच तडकून कडेला दगडांचा ढीग पडत राहतो. अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीच्या विवरात १९८० ते १९८६ या काळात असा घुमट टप्प्याटप्प्याने वाढला. जपानमधील उन्झेन ज्वालामुखीवर ३ जून १९९१ रोजी घुमटाचा भाग कोसळला, तप्त राख व वायूंचा लोट उतारावरून धावला आणि ४३ जणांचा बळी गेला.

आपल्याकडचा बेसाल्टचा (काळ्या दगडाचा) लाव्हा पातळ होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला आणि टेकड्यांना आजचा आकार नंतरच्या झिजेने दिला. विहिरीच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोके आणि त्यांत भरलेले पांढरे स्फटिक आजही बोटाने चाचपता येतात. धुळे-नंदुरबार भागातील भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या लांबच लांब दगडी भिंती तर मुलांना आवर्जून दाखवाव्यात.

– एक भूगोल शिक्षक, धुळे